झोपेची थकबाकी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बिलोली तालुक्यातील शिवारे सोयाबीनच्या काढणीने मोकळी होऊ लागतात आणि मोंढ्यातील दिवसाला अंत राहत नाही. ट्रॅक्टरांची रांग, काट्यापुढची घाई, हमालांची लगबग, लिलाव, शेतकऱ्याच्या हाती द्यावयाची पट्टी आणि हे सारे निवल्यावर दुकानाच्या मागल्या खोलीत बसून जुळवावयाचा रोजमेळ. शटर ओढेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. घरी येऊन जेवण, त्यानंतर मोबाइलवर दुसऱ्या बाजारांचे भाव, मग अंथरुणाला पाठ लागते ती बारानंतर. पहाटे पाचला पुन्हा जाग, कारण बोधन-निजामाबादकडे निघालेल्या गाडीवाल्याचा फोन येतो. "हंगामात झोपायचे नसते" हे वाक्य व्यापारी घरांत गल्ल्याच्या किल्लीबरोबरच वडिलांकडून मुलाकडे येते.

अशा एखाद्या घरातील पन्नाशीच्या गृहस्थांचे प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणावे. उंची पाच फूट सहा इंच, वजन ९२ किलो, कमरेचा घेर १०८ सेंटिमीटर. उपाशीपोटीची साखर ११८, म्हणजे मधुमेह अजून आलेला नाही, पण उंबऱ्यावर येऊन थांबला आहे. चहातील साखर सुटली, रात्रीचा भात सुटला, सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने फिरणे सुरू झाले. सहा महिन्यांत काटा जेमतेम दोन किलो हलला. नरसी-नायगावमार्गे नांदेड गाठून त्यांनी डॉक्टरांपुढे तपासण्यांची फाईल ठेवली. डॉक्टरांनी ती चाळली आणि विचारले, "रात्री झोप किती होते?"

"झोपेचं काय घेऊन बसलात डॉक्टरसाहेब, हंगाम चालू आहे."

शेजारी बसलेल्या पत्नी म्हणाल्या, "अहो, खरं सांगा ना. पाच तास पण होत नाही. आणि जी होते त्यात इतकं घोरता, की पोरं दार लावून घेतात. मधेच श्वास थांबतो, तेव्हा मीच उठून बसते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. आहाराच्या आणि व्यायामाच्या खात्यात या गृहस्थांनी बऱ्यापैकी भरणा केला होता. तिसऱ्या खात्यात मात्र वर्षानुवर्षे केवळ उचलच चालू होती. गेल्या पंचवीस वर्षांत वैद्यकशास्त्राने ज्या खात्याची कसून तपासणी केली आहे, ते हे झोपेचे खाते.

काट्यावर न दिसणारी चरबी

वजनाचे किलोग्रॅम घेऊन त्यांना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो. पाश्चात्त्यांसाठी हीच मर्यादा २५ आणि ३० अशी आहे. आपल्यासाठी ती खाली का आणावी लागली, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या या वैशिष्ट्यावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबीयुक्त अशी भारतीय देहाची ठेवण त्या एका छायाचित्राने जगासमोर आणली.

म्हणून लठ्ठपणाचा विचार करताना काट्यापेक्षा कमरेची पट्टी अधिक बोलकी ठरते. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात. त्याच्या जोडीला रक्तातील ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक, अशा पाच कलमांपैकी तीन जुळली की चयापचय बिघडल्याचे निदान होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबऱ्यावर आहेत आणि पोटावरचा लठ्ठपणा प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांत आढळतो. सारख्याच वजनाच्या दोन माणसांपैकी एकाची पाचही कलमे बिघडलेली असतात, दुसऱ्याची नसतात. हा फरक ठरवणाऱ्या कारणांत आनुवंशिकता, आहार आणि श्रम यांच्या बरोबरीने झोपही आहे.

गोदामाचे दार

मराठवाड्यात 'इन्सुलिन' हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली दोन वेळच्या जेवणाची चळवळ उभी केली, तेव्हापासून मोंढ्यातही लोक इन्सुलिनविषयी बोलू लागले. त्या चळवळीविषयी कोणाचे मत काहीही असो, जेवणाची वेळ आणि इन्सुलिन यांचा संबंध सामान्य माणसाच्या मनात तिने रुजवला. झोप आणि इन्सुलिन यांचा संबंध मात्र अजून तेवढा बोलला जात नाही.

खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात उतरते. ती पेशींत शिरावी म्हणून इन्सुलिन पेशींची दारे उघडते. दारे नीट उघडत नसतील तर शरीर अधिक इन्सुलिन सोडते, तरीही माल गोदामात न जाता रस्त्यावर पडून राहतो. यालाच इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. पोटावरची चरबी हे त्याचे एक मोठे कारण आणि अपुरी झोप हे दुसरे.

शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये झालेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास अंथरुणावर राहू दिले, त्यानंतर सहा रात्री बारा तासांची मुभा दिली. टोचून दिलेली साखर रक्तातून उचलली जाण्याची गती अपुऱ्या झोपेनंतर सुमारे ४० टक्के मंद होती. सायंकाळी उतरायला हवे ते कॉर्टिसॉल हे संप्रेरकही चढे राहिले. संशोधकांनी या अवस्थेसाठी वापरलेला शब्द व्यापाऱ्याला लगेच समजेल असा आहे. त्यांनी तिला झोपेचे कर्ज म्हटले.

त्याच विद्यापीठात २०१२ मध्ये चरबीच्या पेशीच काढून तपासण्यात आल्या. चार रात्री साडेचार तास झोपलेल्या सात जणांच्या चरबीच्या पेशींची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती. म्हणजे जागरणाचा परिणाम थकवा आणि जांभया एवढ्यावर थांबत नाही. तो पेशीपर्यंत पोहोचतो. ज्याच्या अंगी आधीच लठ्ठपणा आहे, त्याच्या डोक्यावर एक कर्ज असताना हे दुसरे चढते.

मध्यरात्रीची भूक

जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हा अनुभव लग्नसराईत कोणीही घेतलेला असतो. भूक भागल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन आणि भूक जागवणारे घ्रेलिन अशी दोन संप्रेरके यामागे आहेत. २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर झालेल्या अभ्यासात दोन रात्री चार तासांच्या झोपेनंतर लेप्टिन १८ टक्के उतरले, घ्रेलिन २८ टक्के चढले आणि भुकेची भावना २४ टक्के वाढली. ओढ विशेषतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची होती. दुकानात दुपारी चारच्या चहाबरोबर फरसाणाची पुडी उघडते, तेव्हा तिच्यामागे केवळ जिभेचे चोचले नसतात. आदल्या रात्रीचा हिशेब तिथे वसूल होत असतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०२२ मधील प्रयोगात १२ जणांना दोन आठवडे चार तासांची झोप आणि हवे तितके अन्न दिले. पुरेशा झोपेच्या काळाच्या तुलनेत ते दिवसाला ३०० हून अधिक कॅलरी जास्त खाऊ लागले. वजन फारसे वाढले नाही, पण पोटाच्या आतील, अवयवांभोवतीची चरबी ११ टक्के वाढली. काट्याने जे सांगितले नाही ते स्कॅनने सांगितले.

यात जेवणाच्या वेळेचाही भाग आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२० मध्ये २० निरोगी स्त्रीपुरुषांना तेच जेवण एकदा सायंकाळी सहाला आणि एकदा रात्री दहाला दिले, झोपेची वेळ मात्र दोन्ही वेळा अकराच ठेवली. उशिरा जेवल्यावर साखरेचा उच्चांक सुमारे १८ टक्के अधिक होता आणि रात्रभरात जळणारी चरबी सुमारे १० टक्के कमी. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची जैन घरांतील रीत अहिंसेच्या विचारातून आली आहे, वजनाच्या चिंतेतून नव्हे. तिला आरोग्याचा दाखला जोडण्याची गरजही नाही. मात्र ज्या घरांतून ती दुकानाच्या वेळांपुढे सुटली आणि दहाचे जेवण आले, त्या घरांनी आपण काय गमावले याचा विचार अवश्य करावा. तसेच जे ही रीत पाळतात पण बारापर्यंत जागे राहतात, त्यांचे अर्धे काम अजून बाकी आहे, हेही ध्यानात घ्यावे.

मुद्दल गेले, व्याज राहिले

लठ्ठपणा कमी करू पाहणाऱ्यांनी एक प्रयोग तरी लक्षात ठेवावा. २०१० मध्ये शिकागो येथे जादा वजनाच्या दहा व्यक्तींना मोजका आहार देऊन दोन वेळा, दोन-दोन आठवडे निरीक्षणाखाली ठेवले. एकदा अंथरुणावर साडेआठ तास, एकदा साडेपाच तास. आहार तोच, माणसेही तीच. दोन्ही वेळा वजन सरासरी तीन किलोच्या आसपास उतरले. वरवर पाहता झोपेने काही फरक पडला नाही.

फरक आतल्या हिशेबात होता. पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो उतरली होती, अपुऱ्या झोपेत केवळ ०.६ किलो. उरलेली घट स्नायू आणि चरबीव्यतिरिक्त अन्य भागांतून झाली होती. ती अपुऱ्या झोपेत १.५ किलोवरून २.४ किलोवर गेली. साखर जाळणारा शरीराचा मोठा कारखाना म्हणजे स्नायू. उपाशी राहून, भात सोडून, मन मारून जे वजन घटवले ते कर्जाऐवजी भांडवलातून वजा झाले. ज्यांचा काटा उतरतो पण पोट उतरत नाही आणि अंगातली ताकद मात्र जाते, त्यांनी आपल्या झोपेचे तास तपासून पाहावेत.

डेन्मार्कमध्ये १९५ लठ्ठ व्यक्तींनी आठ आठवड्यांच्या कमी उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवले आणि त्यानंतर वर्षभर त्यांची पाहणी झाली. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांचे वजन पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या तुलनेत अधिक परतले. उतरवलेले वजन टिकवणे ते उतरवण्याहून अवघड असते, आणि त्या टिकवण्यात झोपेचा हात असतो.

यातील बहुतेक प्रयोगांत माणसे थोडी आणि दिवसही थोडे होते, हे खरे आहे. एकट्या प्रयोगाच्या आकड्यावर कोणी आयुष्याचा बेत आखू नये. तथापि वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली तपासणी एकाच दिशेला बोट दाखवते, तेव्हा ती दिशा गांभीर्याने घ्यावी लागते.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

"काय गाढ झोपलेत बघा, घरभर घुमतंय," असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. वस्तुस्थिती बऱ्याचदा उलट असते. मानेत आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठली, की झोपेत सैल पडलेली श्वासाची वाट अरुंद होते आणि काही क्षण पुरती मिटते. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, श्वास सुटतो आणि पुन्हा घोरणे सुरू होते. एका रात्रीत असे शेकडो वेळाही घडू शकते. सकाळी माणसाला यातले काही आठवत नाही. आठवते ते जडावलेले डोके, कोरडा घसा आणि दुकानात गादीवर बसल्या बसल्या लागणारी डुलकी. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात.

हा विकार आपल्याकडे किती आहे, याचा पहिल्यावहिल्या अभ्यासांपैकी एक मुंबईत झाला. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयोगटातील ६५८ पुरुषांची माहिती घेतली आणि त्यांतील २५० जणांची रात्रीची तपासणी त्यांच्या घरीच केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २६ टक्के पुरुष नेहमी घोरणारे आढळले. झोपेतील श्वासाचा अडथळा अंदाजे १९.५ टक्के पुरुषांत, तर त्यासह दिवसाची अतिझोप ७.५ टक्के पुरुषांत होती. बीएमआय, मानेचा घेर आणि मधुमेह यांच्याशी या विकाराचे नाते स्पष्ट दिसले. तपासलेले हे पुरुष झोपेची तक्रार घेऊन आलेले नव्हते. आपल्याला काही झाले आहे, हे त्यांतील अनेकांना ठाऊकच नव्हते.

अशा माणसाने आठ तास अंथरुणावर काढले तरी झोपेचा हिशेब जुळत नाही. शिकागोतील २००८ च्या एका प्रयोगात नऊ निरोगी तरुणांच्या झोपेचे तास कमी न करता केवळ गाढ झोप तीन रात्री आवाजाने मोडण्यात आली. तेवढ्यानेही त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी घटली. म्हणून झोपेचे तास मोजताना तिचा दर्जाही पाहावा लागतो.

यावर उपाय आहेत. रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र त्यांपैकी एक. ते लावल्याने वजन आपोआप उतरत नाही, पण झोप सलग होते आणि दिवसाची गुंगी ओसरते. वजन घटवण्याचा लाभही मोठा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घकालीन पाहणीनुसार वजन १० टक्क्यांनी घटले तर श्वासाचे अडथळे सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात, आणि तेवढेच वाढले तर ३२ टक्क्यांनी वाढतात. लठ्ठपणाने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने लठ्ठपणा वाढतो. हे चक्र कोठून तरी एका बाजूने तोडावे लागते. घोरताना श्वास थांबत असेल, तर छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून झोपेची तपासणी करून घेण्यास विलंब करू नये. रात्री माल भरून स्वतः गाडी चालवणाऱ्यांनी तर मुळीच नाही. स्टिअरिंगवर लागलेली एक डुलकी साखरेच्या आजाराची वाट पाहत नाही.

रविवारी फेडू

व्यापारी मनाला एक युक्ती लगेच सुचते. आठवडाभर उचल करावी आणि सुटीच्या दिवशी दहा तास झोपून एकरकमी भरणा करावा. कोलोरॅडो विद्यापीठाने २०१९ मध्ये नेमके हेच तपासले. ३६ निरोगी प्रौढांच्या एका गटाला रोज नऊ तास, दुसऱ्याला पाच तास आणि तिसऱ्याला पाच तास अधिक आठवड्याअखेर मनसोक्त झोप दिली. तिसऱ्या गटाचे इन्सुलिनचे काम सुधारले नाही. सुटीनंतर पुन्हा जागरण सुरू होताच ते आणखी बिघडले. झोपेचे खाते रोजच्या रोज जुळवायचे असते. दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची वामकुक्षी हुशारी देते, त्यात वावगे काही नाही, परंतु ती रात्रीची जागा घेत नाही.

याचा अर्थ जितकी जास्त झोप तितके बरे, असा मात्र नव्हे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार मधुमेहाचा धोका सर्वांत कमी सात ते आठ तास झोपणाऱ्यांत दिसला. त्याहून कमी आणि त्याहून अधिक, दोन्हीकडे तो वाढत गेला. सतत नऊ-दहा तास झोपूनही थकवा जात नसेल, तर ती झोप आजाराचे कारण असण्यापेक्षा लक्षण असण्याची शक्यता अधिक. थायरॉइड, नैराश्य किंवा वर सांगितलेला श्वासाचा विकार त्यामागे असू शकतो.

घरातील न लिहिलेली जागरणे

दुकानदाराचे जागरण सर्वांना दिसते. घरातील स्त्रीचे कोणाच्या नोंदीत येत नाही. रात्री सर्वांची जेवणे, मागची आवराआवर, सासूबाईंचे औषध, मग झोप. पहाटे पाण्याची वेळ, डबे, देवदर्शन. सर्वांच्या नंतर झोपून सर्वांच्या आधी उठणे हा तिचा गुण मानला जातो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने २०२३ मध्ये ३८ स्त्रियांचा अभ्यास केला. नेहमीची सात-साडेसात तासांची झोप सहा आठवडे केवळ दीड तासाने कमी केल्यावर त्यांचा इन्सुलिन-प्रतिरोध सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांत परिणाम अधिक तीव्र होता. येथे कोणी चार तासांचे कठोर जागरण केले नव्हते. घराघरांत जे रोज घडते तेवढेच होते.

दुसरे जागरण लातूरला शिकणाऱ्या मुलांचे. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे बिलोली-देगलूरकडची किती तरी मुले तेथे नीटच्या तयारीला जातात. शिकवणी, अभ्यासिका आणि खोलीवर रात्री दोनपर्यंत वाचन. त्या वयात आठ ते दहा तासांची झोप अपेक्षित असते. फोनवर "अभ्यास किती केलास?" एवढेच विचारणाऱ्या आईवडिलांनी "किती वाजता झोपलास, बाळा?" हेही विचारावे. वर्षभरात आठ-दहा किलोंनी वाढून परतलेला मुलगा केवळ मेसच्या जेवणाने वाढलेला नसतो.

परतफेडीचा हप्ता

आता सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष. २०२२ मध्ये शिकागो विद्यापीठाने जादा वजनाच्या आणि रात्री साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० व्यक्तींवर प्रयोग केला. त्या आपापल्या घरीच राहिल्या, आपले नेहमीचे व्यवहार करत राहिल्या. त्यांना कोणताही आहार सांगितला नाही, व्यायाम सांगितला नाही. अर्ध्या जणांना केवळ झोपेविषयी समुपदेशन दिले. त्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढली आणि दोन आठवड्यांत त्यांचे खाणे, झोप न वाढवलेल्यांच्या तुलनेत, दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झाले. साधारण तीन कोरडे फुलके आपोआप ताटातून वगळले गेले, आणि त्यासाठी मन मारावे लागले नाही.

म्हणून सुरुवात हप्त्याने करावी. बाराची झोप एकदम दहावर येणार नाही. दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे अलीकडे सरकावे. रोजमेळ रात्री दहाला न जुळवता सायंकाळी गर्दी ओसरताच जुळवावा, उरलेले सकाळी ताज्या डोक्याने पाहावे. रात्रीच्या आकडेमोडीत चुकाही अधिक होतात, हे ज्यांनी ताळेबंद लिहिले आहेत त्यांना सांगायला नको. सायंकाळनंतरचा चहा बंद करावा. दुपारी चारला घेतलेल्या चहा-कॉफीतील कॅफिनचा बराच अंश रात्री दहालाही अंगात असतो. मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खोली गार होईपर्यंत झोप येत नाही, म्हणून गच्चीवर किंवा खिडकीशी अंथरूण घालण्याची जुनी सोय मोडू नये, मात्र डासांपासून मच्छरदाणी हवीच. पहाटेची सामायिक, देवदर्शन किंवा फिरणे ज्यांना जपायचे आहे त्यांनी ते जरूर जपावे, पण त्याची किंमत रात्रीच्या वेळेतून चुकवावी, झोपेच्या तासांतून नव्हे. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. झोप आहाराची, व्यायामाची किंवा औषधाची जागा घेत नाही. ती या तिन्हींना काम करू देते.

नांदेडहून परतताना त्या गृहस्थांच्या हाती दोन कागद होते. एक झोपेच्या तपासणीचा, दुसरा कोरा. रोज किती वाजता दिवा मालवला आणि किती वाजता उठलो, एवढेच त्यावर महिनाभर लिहायचे होते. गाडीत पत्नी म्हणाल्या, "दुकानाची वही तुमची. ही वही मी लिहिणार." त्यांनी मान डोलावली. दिवाळीला आठ दिवस उरले होते. लक्ष्मीपूजनासाठी नव्या वह्या आणायच्याच होत्या, त्यांत एक अधिक आणायची ठरली.